दारं धरायचा शेवटचा दिवस

गुरुवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या कालव्यावर टार्डेबिगचा बोगदा ओलांडून धक्क्याला बोट बांधली, तोवर माझे वडील, अण्णा, पुढे चालत पहिल्या लॉकपर्यंत, म्हणजे बोट खालीवर करणाऱ्या दारांच्या हौदापर्यंत, जाऊन आलेसुद्धा. "उद्या किती आहेत गं?" मी म्हटलं, "तीस सलग, आणि मग स्टोकची सहा." त्यांनी टोपी काढून छतावर ठेवली. "म्हणजे दिवसभर दारं धरायची," म्हणाले आणि हातपाय धुवायला आत गेले.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. शेताला पाणी देताना एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. अण्णांची नोकरी पाटबंधारे खात्यातली, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. पाटकरी म्हणून लागले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. भंडारदऱ्याच्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की आमच्या घरात त्यांचं जेवण झाकून ठेवलेलं असायचं. हे सगळं आठवण्याचं कारण असं की इंग्लंडमधल्या कालव्यावरचा हा आठवडा मी त्यांच्यासाठी ठरवला होता, पण तो त्यांना किती जवळचा वाटेल याची कल्पना मलाही शेवटच्या दिवशीच आली.

आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. आईअण्णा उन्हाळ्यात तीन महिने आले होते. ऑगस्टमध्ये मुलाची शाळा बंद, म्हणून स्टोक प्रायरहून साठ फुटी नॅरोबोट आठवड्याने भाड्याने घेतली. लांबी साठ फूट आणि रुंदी फक्त सहा फूट दहा इंच, कारण इथली लॉक सात फुटांची आहेत. स्टोकहून खाली वूस्टर, तिथून सेव्हर्न नदीने स्टोरपोर्ट, मग स्टॅफर्डशायर अँड वूस्टरशायर कालव्याने वर, वुल्व्हरहॅम्प्टनची एकवीस लॉक चढून बर्मिंगहॅम आणि तिथून दक्षिणेला परत. या फेरीला स्टोरपोर्ट रिंग म्हणतात. सत्तरहून जास्त मैल, शंभरहून जास्त लॉक. ताशी चार मैलांच्या वर जायचं नसतं आणि जाताही येत नाही.

नदीवर आम्ही दीड दिवस होतो. तिथली लॉक अवाढव्य, ती चालवायला लॉककीपर असतात, आपण फक्त दोर धरून उभं राहायचं. अण्णा तिथे नुसते बघत बसले होते. कालव्यावर आलो की त्यांना हुरूप यायचा.

शुक्रवारी सकाळी सातला उठलो तेव्हा पाण्यावर हातभर धुकं होतं आणि त्यावर सेंट बार्थोलोम्यू चर्चचा निमुळता मनोरा. माझ्या नवऱ्याने रोजची कामं केली. इंजिनचं ऑइल पाहिलं, बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यावरच्या ग्रीसची चावी अर्धा वेढा फिरवली, मागची झडप उघडून पंख्यात काही अडकलंय का ते हात घालून तपासलं. आदल्या दिवशी बर्मिंगहॅममधून येताना त्यातून एक आख्खा टॉवेल निघाला होता. आईने तोवर चहा केला. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे आठवडाभर तिची जागा बोटीच्या पुढच्या ओट्यावर. काठाने जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायचं काम तिने मनापासून केलं.

वूस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्याला संसदेची परवानगी मिळाली १७९१ मध्ये आणि तो पूर्ण झाला १८१५ मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं गेली, आणि त्यातला मोठा अडसर हा टार्डेबिगचा उतार. दोनसव्वादोन मैलांत २२० फूट खाली. तीस लॉकची ही ओळ ब्रिटनमधली सर्वांत लांब. पहिलं लॉक, नंबर ५८, बाकीच्यांच्या दुप्पट म्हणजे चौदा फूट खोल आहे. कालवा बांधताना या जागी लॉकऐवजी बोट उचलून खाली ठेवणारा पाळणा बसवून पाहिला होता. तो रद्द झाला आणि त्याची सगळी उंची या एका लॉकच्या वाट्याला आली. मुलाने हे वाचून अण्णांना सांगितलं, तर अण्णा काठावर वाकून आतल्या विटा बघत राहिले.

याच लॉकजवळ आणखी एक फलक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेखक एल. टी. सी. रोल्ट आपली 'क्रेसी' नावाची बोट इथे बांधून राहत होते. त्यांना भेटायला रॉबर्ट एकमन हे दुसरे लेखक इथे आले, आणि त्या भेटीतून १९४६ मध्ये कालवे वाचवणारी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. माल वाहून नेण्याचं काम रेल्वे आणि ट्रकांनी हिसकावलं तेव्हा हे कालवे बुजायला लागले होते. ते आज पाण्याने भरलेले आहेत, यात त्या भेटीचा मोठा वाटा आहे. तिथे दोन मिनिटं थांबल्याशिवाय मला पुढे जाववलं नाही.

उतरताना लॉकचं काम असं चालतं. लॉक म्हणजे विटांचा लांबट हौद. वरच्या बाजूला एक दार, खालच्या बाजूला दोन. हौद भरलेला असेल तर वरचं दार उघडून बोट आत घ्यायची. दार लावायचं, वरची पॅडल बंद आहेत ना हे बघायचं, मग खालची उचलायची. पॅडल म्हणजे पाण्याखालची लहान झडप. ती उचलायला काठावर किंवा दारावर दात्यांची पट्टी असते आणि विंडलास नावाची काटकोनी किल्ली फिरवून ती वर चढवायची. प्रत्येक दात्याला टक् टक् आवाज करत एक खिटी पडते, म्हणजे पट्टी मागे घसरत नाही. "आमच्या रहाटाला असाच कुत्रा असायचा," अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तो कुत्रा नीट बसल्याशिवाय विंडलासवरचा हात सोडायचा नाही, आणि विंडलास तिथे अडकवून ठेवायचा तर मुळीच नाही. घसरला तर तो गरगरत येऊन मनगट मोडतो.

दुसरा धोका उंबरठ्याचा. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक त्याच्यावर राहिलं तर पुढचा भाग खाली जातो, मागचा वरच अडकतो आणि बोट बघता बघता बुडते. काठावर पांढरी रेघ आखलेली असते, बोट तिच्या पुढेच ठेवायची. सुकाणूवर नवरा होता. सगळ्या छत्तीस लॉकमध्ये मी खालचं पॅडल उचलायच्या आधी त्याच्याकडे बघायचे, आणि तो हात वर केल्याशिवाय मी सुरुवात करायची नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

५८ नंबरमध्ये बोट खाली जायला लागली तेव्हा मी काठावर गुडघ्यावर बसले. नवरा, बोटीचं छत, छतावरची अण्णांची टोपी, सगळं हळूहळू खाली गेलं. ओल्या विटांच्या फटीत नेचे उगवले होते. वरच्या दाराच्या कडेतून पाण्याची चिंधी लोंबत होती. आईचा आवाज विहिरीतून यावा तसा आला, "अगं, गार वाटतंय इथे!"

अण्णांनी विंडलास कमरेच्या पट्ट्यात मागे खोचला होता. इथले जुने बोटवाले तसाच खोचतात, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या, साध्या लॉकवर त्यांनी हिशेब मांडला. बहात्तर फूट लांब, सात रुंद, सात खोल, म्हणजे साडेतीन हजार घनफूट. "एक क्युसेकची चारी तासभर चालली की एवढं पाणी होतं," ते म्हणाले. "दहाबारा गुंठे उसाला एक पाणी. आपली बोट खाली उतरवायला एवढं लागतं?" क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, आणि चारी म्हणजे शेताकडे जाणारा लहान पाट. लिटरमध्ये सांगायचं तर लाखभर. त्यानंतर प्रत्येक लॉकवर त्यांनी मनात एक तास मांडला असणार, कारण चालताना ते पुटपुटत होते.

आमच्या आधी कोणीतरी पहाटे उतरून गेलं होतं, त्यामुळे सगळी लॉक रिकामी मिळत होती. प्रत्येक वेळी आधी भरायचं, मग आत जायचं. मुलगा दुसरा विंडलास घेऊन पुढे पळायचा आणि पुढचं लॉक भरायला लावायचा. दाराला लांब लाकडी तुळई असते, तिला पाठ लावून मागे ढकलायचं. पाय रोवायला जमिनीत विटांच्या कडा उभ्या बसवलेल्या आहेत. पाणी सारखं होईपर्यंत पाच माणसांनी जोर लावला तरी दार हलत नाही, आणि सारखं झालं की एका माणसाच्या पाठीने उघडतं. अण्णा कधीच घाई करायचे नाहीत. तुळईला टेकून उभे राहायचे, आणि दार आपण होऊन किंचित सैल पडलं की मग पाय रोवायचे.

उजाडत उजाडत धुकं गेलं. एका बाजूला टार्डेबिगचा तलाव दिसायला लागला. तो कालव्याच्या माथ्यापेक्षा खाली आहे, म्हणून पूर्वी वाफेच्या इंजिनाने त्याचं पाणी वर चढवत. कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकल्या होत्या. आईने बोटीतूनच हात लांबवून वाटीभर तोडल्या.

साडेनऊच्या सुमाराला मुलगा धावत परत आला. "आजोबा, पुढे पाणीच नाहीये."

४८ नंबरच्या लॉकच्या वरचा डोह, म्हणजे दोन लॉकमधला पन्नाससाठ पावलांचा तुकडा, दोनअडीच फूट खाली गेला होता. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडलेला, त्यावरून एक पाणकोंबडी पावलं उमटवत चाललेली. साठ फुटांची बोट त्यात घातली असती तर मधोमध रुतली असती. अण्णा चिखलाकडे न बघता सरळ खालच्या लॉककडे गेले. वरचं पॅडल पुरतं खाली बसलेलं नव्हतं, दोन बोटं उघडं होतं. आणि खालचं एक तसंच वर राहिलं होतं. पहाटेपासून पाणी सरळ आरपार वाहत होतं. त्यांनी आधी खालचं बंद केलं, मग वरचं. कान लावून आवाज थांबल्याची खात्री केली आणि मगच वळले. माझा चेहरा बघून म्हणाले, "मुद्दाम कोणी करत नाही पोरी. घाईत राहतं."

आता डोह भरायचा तर वरून पाणी आणायचं. माझ्या डोक्यात सरळ हिशेब, वरच्या लॉकची दोन्हीकडची पॅडल उघडायची आणि भरेपर्यंत सोडायचं. अण्णांनी मान हलवली. "वरच्याला उपाशी ठेवून खालच्याला पाजायचं नाही. एका ठिकाणचं सगळं घेतलंस तर आपली बोट उभी आहे ती जागाच कोरडी पडेल. चारपाच टप्प्यांतून थोडं थोडं घ्यायचं."

तेवढ्यात कालव्याच्या ट्रस्टचे एक स्वयंसेवक चढावरून आले. अण्णांच्याच वयाचे, निळा शर्ट, लाल जीवरक्षक जाकीट. हे कालवे २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतं आणि लॉकवर मदत करणारे बरेचसे लोक असे विनामोबदला येतात. त्यांनी डोह बघितला, वर बघितलं आणि मला समजावून सांगायला लागले: वरच्या चार लॉकवर जाऊ, प्रत्येकातून थोडं थोडं सोडू. मी अण्णांकडे वळून मराठीत सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "कळलं मला."

पुढचा पाऊण तास ते दोघं बरोबर चालत होते. अण्णांचं इंग्रजी तुटक आणि त्या गृहस्थांना मराठीचा गंध नाही. पण एक जण वरच्या लॉकवर उभा राहून हाताने 'अर्धं' दाखवायचा, दुसरा खाली तेवढंच उचलायचा. मुलगा मधल्या डोहाच्या काठावर काठी रोवून पाणी किती उतरलं ते ओरडून सांगायचा. मी आणि नवरा बोटीचे दोर ढिले करत होतो, कारण खालून पाणी निघालं की आमचीही बोट खाली बसणार, आणि दोर ताठ राहिला तर ती तिरपी होते. वीतभर उतरली आणि वरचं पाणी पोचल्यावर परत उचलली गेली. चिखल झाकला गेला. पाणकोंबडी गवतात शिरली.

खालून वर येणारी एक बोट तोवर ४८ च्या पायथ्याशी येऊन थांबली होती, एक वयस्क जोडपं आणि त्यांचा कुत्रा. डोह भरला तेव्हा नवऱ्याला वाटलं आपण आधी उतरावं, आधीच उशीर झालाय. अण्णा म्हणाले, "थांबा जावईबापू. लॉक रिकामं आहे, ते त्यांच्या कामाचं. त्यांना वर येऊ द्या. ते आले की भरेल, मग त्याच पाण्यात आपण खाली." एका लॉकभर पाण्यात दोन बोटींचं काम होतं. आपण ते आपल्यासाठी भरून घेतलं असतं तर तासभराची चारी फुकट गेली असती, आणि त्यांनाही पुन्हा रिकामं व्हायची वाट बघावी लागली असती. इथे हा शिष्टाचारच आहे, समोरून कोणी येत असेल तर थांबायचं. आम्ही आठवडाभर तो पाळत होतो, पण पुस्तकात वाचलेला नियम म्हणून. त्या दिवशी तो मला तासांत आणि गुंठ्यांत दिसला.

डोहात दोन्ही बोटी एकमेकींच्या बाजूने हातभर अंतराने सरकल्या. त्या बाई आईला म्हणाल्या, खालची सगळी तुमच्यासाठी भरलेली आहेत. आईने ब्लॅकबेरीची वाटी पुढे केली.

आणि खरंच, तिथून खाली आम्ही पाण्यासारखे उतरलो. दार उघडलेलं, बोट आत, दार बंद, हात वर, पॅडल, टक् टक् टक्. आठवड्याच्या सुरुवातीला एका लॉकला आम्हाला वीस मिनिटं लागत होती, भांडणंही होत होती. आता बोलावं लागत नव्हतं. नवरा बोट लॉकमध्ये आणायचा तेव्हा दोन्ही बाजूंना बोटभर जागा, आणि भिंतीला न लागता ती आत यायची. सुकाणू उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे जाते, हे पहिल्या दिवशी त्याच्या अंगवळणी पडत नव्हतं. एकामागून एक वीस लॉक कधी झाली हे मला वेगवेगळं सांगता येणार नाही.

दुपारी एकच्या पुढे २९ नंबर, टार्डेबिगचं शेवटचं, ओलांडलं. खाली क्वीन्स हेड नावाचा पब आहे, त्याच्या अलीकडे बोट बांधली. शेवटच्या दिवशी फ्रिज रिकामा करायचा असतो. अर्धा कोबी, एक वांगं, तीन कांदे आणि मूठभर मटार उरले होते. आईने त्या सगळ्याचा कुकरमध्ये मसालेभात केला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा काठावरून चाललेले दोघं थांबून बघायला लागले. अण्णांच्या उजव्या तळव्याला फोड आला होता. मी कापूस आणायला उठले, तर म्हणाले, "राहू दे. अजून सहा आहेत."

स्टोकची सहा तासाभरात झाली. या भागात जमिनीखाली खारं पाणी आहे; त्याचं मीठ करणारे जॉन कॉर्बेट यांचे मोठे कारखाने एकोणिसाव्या शतकात या कालव्याच्या काठी होते, आणि मीठ बोटींनी जायचं. आता काठावर घरं आणि बागा आहेत. संध्याकाळी पाचच्या आत आमच्या बोटीच्या जागेला पोचलो. बोट सकाळी नऊला परत द्यायची होती. त्याच रात्री बॅगा भरल्या, केर काढला, छतावरचा चिखल पुसला. मुलगा पुढच्या ओट्यावर बसून लॉकची यादी करत होता, आणि आई त्याला मध्ये मध्ये विचारत होती, "तो टॉवेल निघाला ते कोणत्या गावात?"

शनिवारी सहाला मला जाग आली तर अण्णांची पथारी रिकामी. बाहेर आले. ते शेवटच्या लॉकवरून परत येत होते, विंडलास कमरेला.

"कुठे गेला होता?"

"रात्रभर पाण्याचा आवाज येत होता. म्हटलं, आपलं पॅडल राहिलं की काय."

"मग?"

"सगळी बंद आहेत. दाराच्या फटीतून गळतंय, तेवढंच."

साडेआठला बोटयार्डातला मुलगा आला. इंजिन किती तास चाललं ते पाहून त्याने डिझेलचा हिशेब केला, चाव्या घेतल्या, दोर मोजले. विंडलास तीन दिले होते. दोन टेबलावर होते. तिसरा अण्णांनी पट्ट्यातून काढला, पॅडलच्या दांड्यावर बसतं ते तोंड रुमालाने पुसलं आणि त्याच्या हातात दिला.